३७ पॅनेल, दोन लिफ्ट आणि तारापूर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवा. कॉमन मीटरचं बिल खरोखर उतरतं, आवाज नाही, धूर नाही, आणि आमच्या हिशेबाने पैसे चार वर्षांच्या आत वसूल होतील. वस्तूला पाचपैकी चार. बसवून देणाऱ्या कंपनीला अडीच, तेही तिच्या दोन कामगार पोरांकडे बघून. आणि त्यांच्या सेल्समनने आमच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, अणुविजेवर जे तारे तोडले, त्याला शून्य. ते तारे काय होते ते पुढे येईलच, कारण या सगळ्या खरेदीत माझा सर्वात जास्त वेळ त्यातच गेला.

आमची सोसायटी चेंबूरची, १९८४ सालची. सात मजले, दोन विंग, ४८ फ्लॅट. मी खजिनदार. आयुष्य सहकारी बँकेत गेल्यामुळे कोटेशन हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायची सवय आहे. सगळी गंमत अटी-शर्तींतच असते. गच्चीवर उभं राहिलं की टाटाच्या वीज केंद्राची चिमणी दिसते, रिफायनरीची ज्योत दिसते, त्यामागे ट्रॉम्बेची टेकडी आणि टेकडीआड बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. बिल्डिंगमधले निम्मे म्हातारे या तिघांपैकी कुठूनतरी रिटायर झालेले. त्यामुळे इतर सोसायट्यांत सोलरच्या ठरावावर ‘खर्च किती’ एवढाच प्रश्न येतो; आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या, अणुभट्टीत नोकरी काढलेल्या काकांनी उठून विचारलं, ‘कपॅसिटी फॅक्टर किती धरलाय?’ म्हणजे पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज वर्षभरात प्रत्यक्ष मिळेल. सेल्समनने लॅपटॉप मिटला तो तिथेच.

हिशेब असा. आमची यंत्रणा २० किलोवॉटची, ५४० वॉटची ३७ पॅनेल. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. गच्ची दिसायला ऐसपैस, पण पाण्याच्या टाक्या, लिफ्टच्या मशीनच्या खोल्या, मोबाइलचा टॉवर आणि त्यांच्या सावल्या वजा केल्या की हातात राहतं ते निम्म्याहून कमी. किंमत पडली बारा लाखांच्या आसपास, कारण ढाचा माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा उंच घेतला. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणजे आम्हाला तीन लाख साठ हजार. घरगुती ग्राहकाला तीन किलोवॉटपर्यंत मिळून ७८,००० मिळतात; तो आकडा ऐकून काही जणांनी ‘मग ४८ गुणिले ७८’ असा हिशेब मांडला होता. तसं होत नाही. अनुदान नेट मीटर (दिलेल्या आणि घेतलेल्या विजेची वजाबाकी करणारा मीटर) लागल्यावर खात्यात येतं, आधी पूर्ण पैसे आपणच भरायचे, आणि पॅनेल देशात बनवलेल्या सेलचीच हवीत. बाकीचे पैसे आम्ही मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या सिंकिंग फंडाला हात न लावता वर्गणीतून काढले. ठराव लिहिताना हे स्पष्ट लिहा, नाहीतर ऑडिटर विचारतो.

दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे मिळून महिन्याला चोवीसशे युनिट जायची. बिल अठ्ठावीस हजारांपर्यंत. एप्रिलमध्ये गच्चीने सत्तावीसशे युनिट दिली. जुलैमध्ये साडेअकराशे. हा फरक सेल्समन सांगत नाही. तो वर्षाची सरासरी सांगतो आणि सरासरी खोटी नसते, पण जुलैचं बिल सरासरीने येत नाही. ‘झिरो बिल’ हा शब्द त्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात होता. स्थिर आकार तरी दर महिन्याला भरावाच लागतो. नेट मीटरमध्ये जास्तीची युनिट जमा राहतात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्या युनिटना किरकोळ भाव मिळतो. आमच्या सुदैवाने आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात वापरता येते. हिवाळ्यात जास्त साठवाल तर वीज कंपनीला स्वस्तात विकाल. म्हणून वापराच्या मापानेच यंत्रणा घ्या. विक्रेता पाच किलोवॉट जास्तीचं गळ्यात मारायला बघेल.

आता वाळवणाचं. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया, साबुदाण्याच्या चिकोड्या, पापड, मिरच्या, वर्षाचे मसाले असं सगळं पडायचं. साड्या अंथरून, चार कोपऱ्यांना विटा ठेवून. सोलर म्हटल्यावर पहिला विरोध अणुवाल्या काकांचा नव्हता, पाचव्या मजल्यावरच्या काकूंचा होता: ‘ऊन तुम्ही घेणार, मग आम्ही काय ट्यूबलाइटखाली पापड वाळवायचे?’ मुद्दा बिनतोड होता. पॅनेलखाली आता सुरेख सावली पडते, संध्याकाळी पोरं तिथे खेळतात, सकाळी योगवाले चटया टाकतात, पण ऊन नाही. शेवटी बी विंगच्या टाकीशेजारचा पट्टा वाळवणासाठी राखून ठेवला आणि चार पॅनेल कमी केली. मूळ कोटेशन ४१ पॅनेलचं होतं. एका चौरस फुटावर पडणारं ऊन एकदाच वापरता येतं, हे ऊर्जाशास्त्र काकूंना कुणी शिकवावं लागलं नाही.

कंपनीचे गुण कापले ते गळतीमुळे. करारात लिहिलं होतं की ढाचा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहील, स्लॅबला भोक पडणार नाही. प्रत्यक्षात ए विंगच्या कडेचे काही खांब त्यांनी सरळ ड्रिल करून बोल्टने आवळले, कारण ‘तिथे वारा जास्त लागतो’. वारा लागतो हे खरंच, समुद्राकडून येणारं वादळ इथे पत्रे उडवतं. पण दोन वर्षांपूर्वी केलेलं वॉटरप्रूफिंग त्यांनी भोसकलं आणि वर सिलिकॉनचा ठिपका लावून मोकळे झाले. पहिल्या जोरदार पावसात सातव्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताला आधी तपकिरी कडा असलेला डाग पडला, मग पोपडा सुटला, मग पंख्याच्या दांडीवरून थेंब. कंपनी म्हणे वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारा, वॉटरप्रूफिंगवाला म्हणे गॅरंटी तुम्हीच घालवलीत. ही टोलवाटोलवी गणपतीपर्यंत चालली. दुरुस्ती शेवटी त्यांनी केली, पण उरलेला दहा टक्क्यांचा चेक मी अडवून धरल्यावर. पंचवीस वर्षांच्या वॉरंटीचंही असंच. ती पॅनेल बनवणाऱ्याची आणि तीही ‘इतके टक्के वीज देत राहील’ एवढीच. इन्व्हर्टरची वेगळी आणि बरीच कमी. ढाच्याची, वायरिंगची, गळतीची कुणाचीच नाही, जोपर्यंत तुम्ही करारात लिहून घेत नाही.

धुण्याबद्दल थोडं. चेंबूरची धूळ साधी नाही, बोटाला तेलकट काळी लागते. त्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई रोज सकाळी कबुतरांना दाणे टाकतात आणि कबुतरं पोट भरलं की विश्रांतीला आमच्या पॅनेलवर येतात. एका पॅनेलवर विष्ठेचा जाड थर बसला की ओळीतल्या बाकीच्यांचाही दम जातो, कारण पॅनेल एकामागे एक ओवलेली असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. टाकीच्या सावलीचंही तेच. मोबाइलवर ॲपमध्ये आलेख दिसतो, त्यात दुपारी साडेतीननंतर आमची एक ओळ कडेलोट झाल्यासारखी खाली येते. ती टाकीची सावली. जागा बघायला आलेला इंजिनीअर सकाळी अकराला आला होता, त्याला ती दिसली नाही. वॉचमन बोअरचं पाणी मारायचा, त्याने पांढरे डाग पडले. आता पालिकेचं पाणी, सकाळी ऊन तापायच्या आत.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली, भर दुपारी वीज गेली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकली. आत आंब्याची पेटी घेऊन आलेले एक गृहस्थ. वर आकाशात सूर्य आग ओकतोय, गच्चीवर ३७ पॅनेल, आणि लिफ्ट बंद. ‘वीज गेली तरी तुमची लिफ्ट चालू राहील, मॅडम’ हे वाक्य मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं. बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेल्याक्षणी स्वतःहून बंद होते, व्हायलाच हवी. नाहीतर खाली केबल जोडणाऱ्या माणसाला आमच्या गच्चीवरून शॉक बसेल. हे कुठल्याही सोलर कंपनीच्या पोराला माहीत असतं. सेल्समनने सांगितलं नाही, एवढंच.

त्या दुपारी काका जिन्यात खुर्ची टाकून बसले होते. ध्रुवच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी काढलेला माणूस. ध्रुव म्हणजे १९८५ साली सुरू झालेली ट्रॉम्बेची संशोधन अणुभट्टी. त्याआधीची अप्सरा १९५६ ची, आशियातली पहिली. म्हणजे अणुभट्टी या प्रकाराच्या शेजारात मुंबई सत्तर वर्षं राहते आहे आणि बहुतेक मुंबईकरांना ती एलिफंटाच्या लाँचमधूनच दिसते. मला वाटलं काका आता टोमणा मारणार. मारलाच, पण दोन्ही बाजूंना: ‘वीज गेली की तुमचं पॅनेल झोपतं. वीज गेली की आमच्या भट्टीवाल्यांची झोप उडते.’

त्याचा अर्थ त्यांनी सांगितला तो असा. भट्टी बंद केली म्हणजे ती विझत नाही. साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, मग हळूहळू कमी. ती काढून नेण्यासाठी पाणी फिरवत राहावं लागतं आणि पंपाला वीज लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाल्यावर भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर त्सुनामीच्या पाण्यात बुडाले, आणि अनर्थ झाला तो त्यानंतर. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीचं पाणी तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राच्या पंपहाउसमध्येही शिरलं होतं. तिथे भट्टी सुरक्षित बंद झाली आणि थंडही राहिली. काका कल्पाक्कमचा दाखला देतात तेव्हा छाती फुगवतात. मी त्यांना म्हटलं, ‘काका, तुम्ही कल्पाक्कम सांगता, लोक फुकुशिमा आठवतात, आणि दोन्ही खरं आहे.’ त्यांनी मान डोलावली. इतकं चटकन ते सहसा मान्य करत नाहीत.

सेल्समनचे तारे आता सांगते. ‘सगळ्या मुंबईने गच्चीवर सोलर लावलं तर तारापूर बंद करता येईल.’ तारापूर म्हणजे मुंबईच्या उत्तरेला किनाऱ्यावरचं अणुवीज केंद्र. टाळ्या पडल्या होत्या. मी घरी येऊन कागद घेतला.

आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी मुंबईच्या सगळ्या गच्च्या मोजून सौर क्षमतेचा अंदाज काढला होता, तो १,७०० मेगावॉटच्या थोडा वर आहे. सगळ्या म्हणजे सगळ्या: शाळा, कारखाने, चाळी, टॉवर. आमच्या गच्चीच्या अनुभवाने किलोवॉटला वर्षाला साडेतेराशे युनिट धरली तर झाली सुमारे २३० कोटी युनिट. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. वर्षातला ८५ टक्के वेळ चालल्या तरी ८०० कोटी. म्हणजे मुंबईची एकूण एक गच्ची झाकली, कुणालाच पापड वाळवायला जागा ठेवली नाही, तरी त्या दोन भट्ट्यांच्या तीसेक टक्के. १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या मी धरल्याही नाहीत. त्या २१० मेगावॉटच्या म्हणून आल्या, पुढे १६० वर उतरवल्या, आणि २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या.

देशाचा हिशेबही असाच बसतो. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) पुढे गेली. अणुऊर्जेची तेव्हा होती आठच्या आसपास. पण २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष वीज आली ती सौरची सुमारे १४,४०० कोटी युनिट आणि अणूची सुमारे ५,७०० कोटी. क्षमतेत बारापट फरक, विजेत अडीचपट. सूर्य संध्याकाळी घरी जातो. उलट कर्नाटकातल्या कैगाची पहिली भट्टी २०१६ ते २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस न थांबता चालली, कारण त्या प्रकारच्या भट्टीत इंधन चालू अवस्थेतच बदलता येतं. आमच्या गच्चीचा आलेख मात्र रोज संध्याकाळी शून्यावर येतो आणि आमच्या लिफ्ट सर्वात जास्त चालतात त्या संध्याकाळी सहा ते दहा. पंप पहाटे, पालिकेचं पाणी येतं तेव्हा. म्हणजे आमची दुपारची वीज आम्ही ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, देतो आणि रात्री ग्रिडची वापरतो. नेट मीटर ही वजाबाकी कागदावर करतो. रात्रीची ती वीज कुठलीतरी चिमणी, कुठलंतरी धरण किंवा कुठलीतरी भट्टी देत असते. आमच्या वाचलेल्या बिलात तिचा वाटा आहे, हे सेल्समनच्या पत्रकात नव्हतं.

मी हे काकांना दाखवलं तेव्हा ते खूष झाले आणि म्हणाले, ‘मग कशाला केला हा बारा लाखांचा खेळ?’ तर त्यांनाही ऐकवलं. रत्नागिरीतलं जैतापूर. २०१० मध्ये करार, सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॉट, जगातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र होणार होतं. माडबन, साखरी नाटेतली आंदोलनं झाली, २०११ मध्ये गोळीबारात एक जण गेला, जमीन घेऊन झाली, आणि आजतागायत एक युनिट वीज नाही. आमच्या गच्चीचं कोटेशन ते नेट मीटर एवढं सगळं, वीज कंपनीची दिरंगाई धरूनही, वर्षाच्या आत उरकलं. सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं लक्ष्य सांगितलंय. व्हावं. पण बँकेत आम्ही अर्जदाराचं लक्ष्य बघत नव्हतो, मागची परतफेड बघत होतो.

धुराच्या बाबतीत मात्र दोघं एकाच बाजूला आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, आयपीसीसीने, २०१४ मध्ये दिलेले मधले आकडे: एका युनिटमागे, बांधणीपासून मोडीपर्यंत सगळं धरून, कोळसा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, गच्चीवरचं सोलर ४१, अणू १२, जमिनीवरची पवनचक्की ११. एजीएममध्ये सोलरवाला आणि अणुवाला एकमेकांवर ओरडत होते तेव्हा खिडकीतून कोळशाची चिमणी निवांत दिसत होती. खरं भांडण तिच्याशी आहे, आणि चेंबूर-माहुलच्या माणसाला ते ग्रॅममध्ये समजावून द्यावं लागत नाही, खोकला आहे.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. आमच्या शेजारची, आमच्याच वयाची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. तिथे आता २३ मजली टॉवर आहे, १४० फ्लॅट, आणि गच्ची? जेवढी होती तेवढीच. उलट आगीच्या पाण्याची टाकी आल्याने कमीच. आमच्याकडे फ्लॅटमागे ४२० वॉट बसतात, म्हणजे एक पॅनेलसुद्धा पूर्ण नाही. त्यांच्याकडे आमच्याएवढीच यंत्रणा बसली तरी दीडशे वॉटही नाही, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन-तीन एसी. माणसं उभी रचता येतात, ऊन रचता येत नाही. आमची सोसायटीही आज ना उद्या पाडली जाईल. तेव्हा आमच्या ३७ पॅनेलवर तिप्पट माणसं येतील. तेव्हा मुंबईला वीज बाहेरूनच आणावी लागणार, आजही लागते. मे महिन्यात या शहराची मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी बाहेरून येणाऱ्या वाहिन्या पडल्या तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. संकटात मुंबईला बाकी ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवणारी जुनी व्यवस्था आहे, तीही त्या दिवशी टिकली नाही.

आणि बाहेरून म्हणजे कुणाच्या तरी अंगणातून. ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्या-ट्रामना वीज हवी म्हणून मुळशीचं धरण झालं, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे मावळे तिथे सत्याग्रहाला उभे राहिले. ती वीज आजच्या भाषेत ‘हरित’. धूर नाही, कोळसा नाही, फक्त गावं पाण्याखाली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण हलवली. त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालली. राजस्थानातलं भडला सौर पार्क २,२४५ मेगावॉटचं, जमीन सुमारे ५६ चौरस किलोमीटर. वाळवंट म्हणून निभावलं. जैतापूरसाठी घेतलेली जमीन ९३८ हेक्टर, म्हणजे साडेनऊ चौरस किलोमीटरही नाही. कागदावर एकरी विजेचा हिशेब केला तर अणू शंभरेक पटीने पुढे निघतो, आणि दाटीवाटीच्या देशात हा मुद्दा हलका नाही. कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात ५६ चौरस किलोमीटर मोकळी जमीन कुणी दाखवावी. पण भट्टीभोवती किलोमीटर-दीड किलोमीटर कुणाला राहता येत नाही, त्यापलीकडच्यांनी आपत्कालीन सराव करत जगायचं, मच्छीमाराने समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याकडे बघायचं. हे पेलायला आपण ट्रॉम्बेवाले सोडून बाकीची मुंबई तयार आहे का, हे मुंबईकर स्वतःला विचारत नाही. जैतापूरवाल्यांना मात्र विचारतो.

म्हणून माझं मत: गच्चीची वीज ही या शहराची एकमेव वीज आहे जिच्यासाठी कुणाचं गाव हललं नाही. काकूंचा पट्टा फक्त आखडला. ती जितकी मिळेल तितकी घ्यावी. पण ती घेतली म्हणून तारापूरवर नाक मुरडायचा हक्क मिळत नाही. रात्रीसाठी मला कोळशापेक्षा भट्टी चालेल, फक्त तिचा भाव, वेळापत्रक आणि गावकऱ्यांचा करार हे आमच्या गळतीच्या कलमाइतकं स्पष्ट लिहिलेलं हवं. काका या वाक्याच्या पूर्वार्धावर सही करायला तयार आहेत.

कचऱ्याचा प्रश्न मी दोघांनाही विचारला. काकांकडे उत्तर होतं: वापरलेल्या इंधनातून कामाचं वेगळं काढायचं, उरलेलं अतिकिरणोत्सारी काचेत ओतून स्टीलच्या डब्यांत बंद करायचं, ट्रॉम्बेला आणि तारापूरला हे होतं. पुढे हजारो वर्षं ते सांभाळायचं कुणी, यावर ते जरा हळू बोलतात. सेल्समनला विचारलं की पंचवीस वर्षांनी ही ३७ पॅनेल कोण नेणार, तर तो हसला. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही येतात, हे त्याला मी सांगितलं.

घेणाऱ्यांनी करारात काय लिहून घ्यावं तर स्लॅबला भोक नाही, पडल्यास गळती पाच वर्षं त्यांची. सावलीची पाहणी दुपारी चारलाही. रीडेव्हलपमेंटला गेलो तर पॅनेल उतरवून परत बसवण्याचा दर आजच. जुलैची किमान युनिट वेगळी लिहिलेली. आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटल्यावर. याला जो विक्रेता तयार होत नाही, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता त्याच कंपनीचं बॅटरीचं कोटेशन आलंय, लिफ्टसाठी. पॅनेलच्या निम्म्या किमतीचं, आणि शेवटच्या पानावर वॉरंटीच्या रकान्यात ‘लागू अटींनुसार’ एवढंच. त्या अटींचा कागद जोडलेला नाही. तो येईपर्यंत विषय एजीएमच्या पत्रिकेवर घेणार नाही, असं मी सेक्रेटरींना कळवलं आहे.